नाणेसंग्राहक संघटनेत नाव घालताय? वर्गणी सगळ्यात शेवटी भरा

प्रदर्शनाचा तिसरा दिवस, रविवार, संध्याकाळचे पाच. हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नाही. दाराशी टेबल टाकून दोन कार्यकर्ते बसलेत आणि त्यांच्यामागे 'आजीव सदस्यत्व, फक्त आज सवलतीत' अशी पाटी. आलेल्या माणसाच्या खिशात नुकतीच घेतलेली तीन चांदीची नाणी असतात आणि अंगात उत्साह मावत नसतो. तो फोन काढतो, क्यूआर स्कॅन करतो आणि सदस्य होतो. पुढच्या वर्षभरात त्याला मिळतं काय, तर एक ओळखपत्र, एक कॅलेंडर आणि रोज दीडशे 'शुभ सकाळ' येणारा व्हॉट्सअॅप ग्रुप.

मीही एकदा असाच आजीव झालो. संघटनेचं नाव सांगत नाही, ती आता अस्तित्वातच नाही. माझं सदस्यत्व मात्र आजीव आहे.

बहुतेकांचा घोळ क्रमात होतो. आधी पैसे, मग सभा, मग चौकशी, आणि 'मला नक्की हवं काय होतं?' हा प्रश्न सगळ्यात शेवटी. खाली दिलेला क्रम नेमका उलटा आहे. त्याला तीन-चार महिने लागतात. खर्च बसच्या तिकिटाचा आणि चहाचा.

टप्पा १ : डबा काढा, वही घ्या

एका दुपारी सगळा संग्रह जाड सुती चादरीवर मांडा. टेबलावर किंवा उघड्या फरशीवर नको, कारण हातातून सुटलेल्या नाण्याच्या काठाला टोचा पडला की तो कायमचा. शेजारी दोनशे पानी वही ठेवा आणि पाच रकाने आखा : कोणाचं नाणं, मूल्य आणि साल, टांकसाळीची खूण, वजन, आणि 'माहीत नाही'.

वजनासाठी ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा खिशात मावेल एवढा काटा घ्या, तो काही शेकड्यांत मिळतो. व्हिक्टोरिया राणीपासून सहाव्या जॉर्जपर्यंतचा चांदीचा रुपया ११.६६ ग्रॅमचा. फार वापरात राहिलेला असेल तर थोडा झिजून हलका भरेल, पण साडेदहाच्या आत आला तर वहीत त्याच्यापुढे प्रश्नचिन्ह टाका. १९४० पासून रुपयातली चांदी निम्म्यावर आली, वजन मात्र तेच राहिलं. १९४७ चे रुपये निकेलचे, ते चुंबकाला चिकटतात. चिकटला म्हणून बनावट समजून बाजूला टाकू नका. एका गृहस्थांनी असे चार रुपये नातवाला खेळायला दिले होते.

स्वातंत्र्यानंतरच्या नाण्यांवर सालाखाली बघा. हिऱ्यासारखा चौकोन असेल तर मुंबई, तारा असेल तर हैदराबाद, ठिपका असेल तर नोएडा आणि काहीच नसेल तर कोलकाता. ही खूण न लिहिता केलेली यादी पुढे कोणाला दाखवली, तर समोरचा पहिला प्रश्न तोच विचारतो.

इशारा : यादीआधी नाणी घासू नका. चिंच नको, लिंबू नको, पितांबरी नको, टूथपेस्ट तर नकोच. जुन्या नाण्यावरचा काळसर-तपकिरी थर म्हणजे मळ असतो हा समज घरोघरी आहे. तो थर गेला की संग्राहकाच्या लेखी नाण्याची किंमत बरीच खाली येते आणि ती परत आणायचा कोणताही उपाय नाही.

वही भरली की पाचवा रकाना मोजा, कारण तुम्हाला संघटनेची गरज आहे की नाही हे त्यावरच ठरतं.

पन्नास नाण्यांपैकी वीस-पंचवीस 'माहीत नाही'त गेली, त्यात तांब्याचे जाड ओबडधोबड पैसे आहेत, फारसी अक्षरांचे रुपये आहेत, तर तुम्हाला ओळख पटवून देणारी माणसं हवीत. यासाठी संघटनेइतका उपयोग दुसऱ्या कशाचा नाही. पुस्तकातलं चित्र पूर्ण ठशाचं असतं, आणि तुमच्या हातातल्या नाण्यावर त्यातला जेमतेम तिसरा हिस्सा उमटलेला असतो. तो हिस्सा ओळखायला सरावलेली नजर लागते.

सगळी नाणी ओळखीची आहेत, फक्त मालिकेतली काही सालं कमी आहेत, तर तुम्हाला अदलाबदल करणारे सोबती हवेत. महिन्याच्या महिन्याला भरणारा स्थानिक गट पुरतो.

नुसती नवी स्मारक नाणी आणि प्रूफ संच (संग्राहकांसाठी खास चकचकीत पाडलेली नाणी) जमवत असाल, तर सदस्य होऊन फारसं काही हाती लागणार नाही. सरकारी टांकसाळी ती नाणी स्वतःच्या संकेतस्थळावर थेट विकतात. तिथे कोणत्याही संघटनेचं कार्ड लागत नाही.

आणि आजोबांच्या डब्यातली नाणी एकदाच विकून मोकळं व्हायचं असेल, तर सदस्य होऊच नका. दोन वेगवेगळ्या ठिकाणी दाखवा, किंमत विचारा आणि काय ते ठरवा.

इशारा : 'वैष्णोदेवीच्या पाच रुपयांच्या नाण्याला लाखो रुपये' अशा जाहिराती बघून जो संघटना शोधायला निघतो, त्याने इथेच थांबावं. ते नाणं २०१२ सालचं आहे आणि भरपूर संख्येने पाडलेलं आहे. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर निवेदन काढून सांगितलं की जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीसाठी बँक कोणाकडून शुल्क किंवा कमिशन मागत नाही, आणि तसा अधिकार कोणाला दिलेलाही नाही. 'आधी नोंदणी शुल्क भरा, मग ग्राहक पाठवतो' म्हणणारा कोणीही असो, फोन ठेवून द्या.

टप्पा २ : संघटना कोणत्या जातीची आहे ते ओळखा

'संघटना' या एका शब्दाखाली चार निरनिराळ्या गोष्टी चालतात. त्यांची सरमिसळ झाली की अपेक्षाभंग ठरलेला.

पहिली जात अभ्यासकांची. १९१० साली अलाहाबादला स्थापन झालेली आणि आता वाराणसीहून काम पाहणारी न्यूमिस्मॅटिक सोसायटी ऑफ इंडिया या जातीची. १९७० पासूनची ओरिएंटल न्यूमिस्मॅटिक सोसायटी आंतरराष्ट्रीय आहे आणि तिच्या नियतकालिकात भारतीय नाण्यांवर बरंच येतं. इथे मिळतात ती नियतकालिकं, शोधनिबंध आणि अधिवेशनं. तुमच्या डब्यातलं नाणं बघायला कोणी घरी येणार नाही, आणि निबंध बहुतेक इंग्रजीत असतात. सातवाहन, क्षत्रप, बहमनी किंवा मराठा नाणी असा एखादा विषय तुम्ही धरला असेल, तर हा पैसा सार्थकी लागतो. गोव्यात राहून इंडो-पोर्तुगीज नाणी जमवणारे किंवा परदेशात स्थायिक झालेले मराठी संग्राहक यांना गावात सभा मिळाली नाही तरी नियतकालिकातून मिळतं, त्यांनीही याच जातीकडे आधी बघावं.

दुसरी जात गावातल्या गटाची. दर महिन्याच्या ठरलेल्या रविवारी शाळेच्या वर्गात किंवा वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर पंधरा-वीस माणसं जमतात. एखादं छोटं व्याख्यान होतं, नाणी हातोहात फिरतात, शेवटी किरकोळ लिलाव. नवख्या माणसाला सगळ्यात जास्त इथेच शिकायला मिळतं, असं माझं ठाम मत आहे.

तिसरी जात प्रदर्शनापुरती. वर्षातून एकदा तीन दिवस मोठा हॉल, पन्नास-साठ टेबलं आणि बाकी वर्षभर शांतता. यात वाईट काही नाही, पण अशा ठिकाणी सदस्य होऊन मिळतो तो फार तर पहिल्या दिवशी लवकर आत शिरण्याचा पास.

चौथी जात फोनमधली. ग्रुप हीच संघटना आणि ग्रुपचा अॅडमिन हाच अध्यक्ष. वर्गणी मागत असेल, तर पुढचा टप्पा दोनदा वाचा.

तपासा : गेल्या बारा महिन्यांत किती सभा झाल्या, कोणत्या तारखांना, कुठे? हा एकच प्रश्न विचारा. नीट चालणाऱ्या गटाचा कार्यवाह तारखा तोंडपाठ सांगतो. 'आपलं काय, सारखं चालूच असतं' हे उत्तर आलं तर जात तिसरी किंवा चौथी.

थोडं विषयांतर. कोणत्याही सभेला जाण्याआधी एक दिवस काढून चांगली नाणी बघून या. मुंबईत फोर्टमध्ये रिझर्व्ह बँकेचं मौद्रिक संग्रहालय आहे, छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात नाण्यांचा विभाग आहे, आणि नाशिकहून त्र्यंबकेश्वरला जाताना अंजनेरीला नाणकशास्त्राची संशोधन संस्था आणि तिचं संग्रहालय आहे. अस्सल आणि पूर्ण ठशाची नाणी डोळ्यांखालून गेली असली की सभेत कोणी काहीही दाखवलं तरी नजर भांबावत नाही.

टप्पा ३ : कागद मागा

छंदाच्या ठिकाणी कागद मागायला लोक लाजतात. 'एवढी वडीलधारी माणसं, त्यांना काय विचारायचं?' विचारायचं. नीट चालणाऱ्या संस्थेला त्याचा राग येत नाही, उलट कार्यवाह फाइल काढून पुढे ठेवतो.

महाराष्ट्रात अशी संस्था सहसा दोन कायद्यांखाली नोंदलेली असते : संस्था नोंदणी अधिनियम, १८६० आणि महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५०. म्हणून लेटरहेडवर दोन क्रमांक दिसायला हवेत. त्यातला 'एफ' अक्षराने सुरू होणारा क्रमांक विश्वस्तव्यवस्थेचा. तो मिळाला की धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात चौकशी करता येते. नोंदणी जिवंत आहे का, विश्वस्त म्हणून कोणाची नावं आहेत आणि हिशोब शेवटचे कधी सादर झाले, एवढं बघा. कार्यकारिणी बदलली की ९० दिवसांत बदल अर्ज द्यावा लागतो. लेटरहेडवर नावं एक आणि कार्यालयात दहा वर्षांपूर्वीची वेगळीच, असं आढळलं तर संस्थेत भांडण आहे किंवा आळस आहे. भांडण असेल तर दूर राहा. आळस असेल तर तो बाकीच्या कारभारात कितपत उतरलाय ते सभेत दिसेलच.

नोंदणी नसलेला छोटा गट वाईटच असतो असं मी म्हणत नाही. आठ-दहा मित्र घरी जमतात आणि हॉलचं भाडं वाटून घेतात, त्याला कसली नोंदणी? पण मग त्यांनी 'आजीव सदस्यत्व' विकू नये. ज्या संस्थेला कायद्याने जन्मच नाही, तिचं आजीव सदस्य होणं म्हणजे काय, हे मला आजवर कोणी समजावून सांगू शकलेलं नाही.

संस्थेची घटना मागून तीन कलमं वाचा : सदस्यांचे प्रकार आणि मतदानाचा हक्क, सर्वसाधारण सभा वर्षातून किती वेळा, आणि सदस्यत्व रद्द कोण करू शकतं. बाकीची कलमं सगळीकडे सारखीच असतात.

इशारा : वर्गणी संस्थेच्या नावाच्या बँक खात्यातच गेली पाहिजे. क्यूआर स्कॅन केल्यावर पडद्यावर एखाद्या व्यक्तीचं नाव आलं, तर पैसे पाठवू नका. 'खात्याचं काम चालू आहे, तोवर माझ्याकडे द्या' याला नम्रपणे उत्तर द्यायचं : काम झालं की कळवा.

टप्पा ४ : पाहुणे म्हणून तीन सभा

अख्ख्या प्रक्रियेचा कणा हाच, आणि लोक नेमका हाच टप्पा गाळतात. आधी कार्यवाहांना फोन करा : 'नवीन आहे, सभेला येऊन बसलं तर चालेल का?' बहुतेक ठिकाणी हो म्हणतात. पाहुण्याला बसूच देत नसतील तर पुढचा विचार करायची गरज उरत नाही.

सोबत न्यायचं ते एवढंच : दहापट मोठं दाखवणारं भिंग, वही, आणि दोन नाणी. एक तुम्हाला पूर्ण माहीत असलेलं आणि एक 'माहीत नाही'च्या रकान्यातलं. सोनं नेऊ नका, घरातलं सगळ्यात भारी नाणं नेऊ नका, आणि अख्खा अल्बम तर मुळीच नेऊ नका. पहिल्याच दिवशी अल्बम उघडून बसणाऱ्या माणसाभोवती कोंडाळं जमतं, आणि नंतर एखादं नाणं कमी भरलं तर कोणावर संशय घेणार?

नाणं धरायचं काठाला, अंगठा आणि तर्जनीत, टेबलावर पसरलेल्या कापडाच्या वर. दुसऱ्याचं नाणं हातात घेण्याआधी 'बघू का?' विचारायचं. बघताना बोलायचं नाही, कारण थुंकीचा बारीक थेंबही चकचकीत नाण्यावर डाग सोडतो. हे शिष्टाचार पाळले की जुने सदस्य तुमच्याकडे जरा वेगळ्या नजरेने बघू लागतात.

पहिल्या सभेत फक्त ऐका. कोण बोलतं, किती वेळ नाण्यांवर आणि किती वेळ मागच्या सभेच्या हिशोबावर? खरेदी-विक्री सभा संपल्यावर सुरू होते की व्याख्यान चालू असतानाच मागच्या बाकांवर? पोरं येतात का, आणि आली तर त्यांच्याशी कोणी बोलतं का?

दुसऱ्या सभेत आपलं 'माहीत नाही' पुढे करा. माझ्या पहिल्या वेळची गोष्ट सांगतो, म्हणजे काय बघायचं ते कळेल. आजीच्या देव्हाऱ्यातली एक शिवराई, म्हणजे शिवाजी महाराजांच्या नावाचा तांब्याचा पैसा, मी नेली होती. ठसा नाण्यापेक्षा मोठा, त्यामुळे एका बाजूला 'राजा' स्पष्ट, 'श्री'चा फक्त वरचा फाटा आणि खाली 'शिव' अर्धवट. मागे 'पति' पूर्ण आणि 'छत्र' काठावर कापलेलं. शेजारच्या माणसाने ती हातात न घेताच म्हटलं, 'दोनशे देतो.' टेबलाच्या टोकाला एक निवृत्त गृहस्थ बसले होते. त्यांनी ती कापडावर ठेवली, खिडकीकडे सरकवली आणि तिरप्या उजेडात हळूहळू फिरवायला लागले. मग खिशातून काटा काढून वजन केलं, अक्षरांची वळणं वहीत उतरवून घेतली आणि म्हणाले, 'ही महाराजांच्या काळातली नाही. नंतर फार वर्षं याच अक्षरांची नाणी पाडत होते. हे वळण उशिराचं वाटतं, पण मी घरी ताडून बघतो, पुढच्या सभेला सांगतो.' पुढच्या सभेला त्यांनी खरोखरच सांगितलं, सोबत तशाच दोन नाण्यांचे कागदावर घेतलेले ठसे आणले.

तुम्हाला शोधायचा आहे तो 'घरी ताडून बघतो' म्हणणारा माणूस. प्रत्येक गटात असा एक तरी असला तर सदस्य व्हायला हरकत नाही. दोनशेवाले सगळीकडे असतात.

तपासा : ओळखीची परीक्षा घ्यायला दोन सोपे प्रश्न पुरतात. कोणतीही शिवराई दाखवून विचारा, 'ही महाराजांच्या काळातलीच ना?' नाणं न बघता 'हो, अगदी शंभर टक्के' म्हणणारा एक तर अडाणी आहे किंवा विक्रेता. दुसरा प्रश्न त्या राम-दरबाराच्या किंवा हनुमानाच्या पितळी नाण्याचा, ज्याच्या मागे 'ईस्ट इंडिया कंपनी' आणि १८१८ असं साल असतं. कंपनीने असलं नाणं कधी पाडलं नाही, ते देवळाबाहेर मिळणाऱ्या टोकनाच्या लायकीचं. त्यालाही 'दुर्मीळ' म्हणून टेबलावर मांडू देणाऱ्या गटात तुम्ही काय शिकणार?

तिसऱ्या सभेत लिलावाला बसा, पण बोली लावू नका. प्रत्येक नाण्यापुढे सुटलेली किंमत वहीत लिहा आणि घरी येऊन त्या नाण्यांचे दर दोन-तीन ठिकाणी ताडून बघा. बोली लावणारे नेहमीचे तीनच असतील, आणि नाणी आणणारेही तेच तीन असतील, तर काय चाललंय ते तुमचं तुम्हाला कळेल. परत घेण्याची अटही विचारा. नाणं बनावट निघालं तर किती दिवसांत आणि कोण पैसे देतं? 'इथे सगळे आपलेच आहेत' हे उत्तर नव्हे.

टप्पा ५ : मातीचं नाणं आणि विमानातली बॅग

हा टप्पा छोटा आहे, पण चुकला तर पोलिसांपर्यंत जातो.

सभेत कोणी मातीने माखलेला नाण्यांचा लॉट ओतला आणि 'शेतात नांगराला हंडा लागला' असं सांगितलं, तर हात मागे घ्या. १८७८ च्या निखातनिधी कायद्यानुसार जमिनीत सापडलेला, दहा रुपयांहून जास्त मोलाचा ठेवा जिल्हाधिकाऱ्यांना कळवावा लागतो. असा माल उघडपणे फिरतो आणि कार्यकारिणी बघत राहते, तर तो गट तुमच्यासाठी नाही. मी अशी एक सभा अर्ध्यात सोडली आहे, आणि त्या गटात परत गेलो नाही.

१९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली शंभर वर्षांहून जुनं नाणं ही पुरावस्तू ठरते. अशा वस्तूंचा धंदा करणाऱ्याला परवाना लागतो आणि खाजगी माणसाला त्या देशाबाहेर नेता येत नाहीत. मर्यादा दरवर्षी एक साल पुढे सरकते, त्यामुळे १९२० चा पाचव्या जॉर्जचा रुपयाही आता त्यात आला. सुट्टीत पुण्या-मुंबईला येणाऱ्या परदेशस्थ मंडळींकडून हे हमखास चुकतं. सभेत हौसेने शिवराया आणि अंकुशी (अंकुशाची खूण असलेले मराठ्यांचे) रुपये घेतात आणि परतीच्या बॅगेत टाकतात. कस्टमला 'आजोबांचे आहेत' हे कारण चालत नाही. घेतलेली नाणी इथल्या नातेवाइकांकडे ठेवा.

तपासा : कार्यवाहांना विचारा, टेबल लावणाऱ्या विक्रेत्यांकडे परवाना आहे का हे संघटना बघते का? अडखळत का होईना, पण प्रश्न समजून उत्तर आलं तर ठीक. 'परवाना? कसला?' असं झालं तर तिथे शंभर वर्षांहून जुनं काही विकत घेऊ नका.

टप्पा ६ : वहीत हिशोब मांडा

समजा वार्षिक वर्गणी ५०० रुपये आणि आजीव ५,००० रुपये. कागदावर आजीव सदस्यत्वाचे पैसे दहा वर्षांत वसूल होतात. पण त्यासाठी संघटना दहा वर्षं टिकली पाहिजे, तुम्ही त्याच गावात राहिलात पाहिजे आणि छंदही टिकला पाहिजे. या तिन्हींवर पैज लावायची तुमची तयारी आहे का?

खरा खर्च वर्गणीचा नसतोच. तीन सभांचा अनुभव समोर ठेवून लिहा : एका सभेला जाण्या-येण्याचे पैसे, वर्षातून किती सभांना खरंच जमेल, नियतकालिक टपालाने येतं का आणि त्याचे वेगळे पैसे पडतात का. आणि शेवटी तो आकडा, जो कोणी लिहीत नाही : सभेला गेल्यावर मोहाने होणारी खरेदी. माझा हा आकडा पहिल्या वर्षी वर्गणीच्या चाळीसपट होता. घरात तो मी बरेच दिवस सांगितला नव्हता.

बाहेरगावी राहणाऱ्यांनी एका सभेचा प्रवास आणि त्याच पैशात येणारं एखादं चांगलं कॅटलॉग यांची तुलना करावी. वर्षात चारपेक्षा कमी सभा जमणार असतील तर कॅटलॉग घ्या आणि पाहुणे म्हणूनच जात राहा. कोणी हाकलत नाही.

टप्पा ७ : अर्ज भरताना

इथवर येऊन उत्तर 'हो' आलं असेल तर एक वर्षाची साधी वर्गणी भरा. सवलत कितीही मोठी असली तरी पहिल्याच वर्षी आजीव नाही.

अर्जावर तुमच्या संग्रहाचा रकाना असतो. 'मराठा आणि ब्रिटिश भारत' एवढंच लिहा. नाण्यांची संख्या, सोन्याची नाणी, अंदाजे किंमत यातलं काहीही लिहू नका. काही संघटना सदस्यांची पुस्तिका छापतात, त्यात नाव, पत्ता, फोन आणि संग्रह हे सगळं एका ओळीत येतं. अशी पुस्तिका कोणाच्याही हाती लागते, आणि त्यातल्या ओळीचा चोराला जेवढा उपयोग तेवढा संग्राहकालाही नसेल. पत्ता छापू नये असं अर्जावरच लिहून सही करा. ग्रुपवर नाण्याचा फोटो टाकताना मागचं कपाट आणि खिडकी दिसत नाही ना, हे बघा.

लहान मुलाचं नाव घालत असाल तर लिलावात बोली पालकांनीच लावायची, हे घरी आधीच ठरवून घ्या. बारा वर्षांच्या मुलाने जोशात हात वर केला आणि बापाला सतराशे रुपये मोजावे लागले, हे मी डोळ्यांनी बघितलं आहे.

इशारा : पावती त्याच वेळी, शिक्का आणि क्रमांकासह घ्या. 'पुढच्या सभेला देतो' हे वाक्य ऐकलं तर पैसेही पुढच्या सभेला द्या.

पावती वहीच्या शेवटच्या पानाला पिनने लावा आणि पहिल्या टप्प्यातला 'माहीत नाही'चा आकडा तिच्यावर पेन्सिलीने लिहून ठेवा. बरोबर एक वर्षाने तीच नाणी पुन्हा चादरीवर काढून मोजा. आकडा पंचवीसवरून बारावर आला असेल तर दुसऱ्या वर्षाची वर्गणी भरा. पंचवीसच राहिला असेल आणि नाणी मात्र पन्नासची नव्वद झाली असतील, तर तुम्ही संघटनेत शिकायला जात होता की बाजारात, ते घरच्यांना विचारा. त्यांना नक्की माहीत असतं.